दहा मिनिटांची धाप

नववीतली एक मुलगी आईबरोबर ओपीडीत आली होती. शाळेत पीटीच्या तासाला चक्कर येऊन पडली, एवढीच तक्रार. खोदून विचारल्यावर कळलं, की सरांनी मोबाइलवर पाहून नवा व्यायाम सुरू केला होता. तीस सेकंद जोरात उड्या, तीस सेकंद थांबायचं, पुन्हा उड्या. चौथ्या फेरीला ती मागे पडली. ‘आळशीपणा करू नको,’ असं ऐकल्यावर तिनं पाचवी फेरी केली आणि कोसळली. तिचं हिमोग्लोबिन निघालं ७.८. या वयाच्या मुलीचं किमान १२ हवं.

‘‘डॉक्टर, हिला पीटीतून कायमची सूट मिळेल अशी चिठ्ठी द्या,’’ आई म्हणाली. चिठ्ठी दिली, पण तीन महिन्यांचीच. कारण सरांनी निवडलेला व्यायाम चुकीचा नव्हता.

‘हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग’, थोडक्यात ‘हिट’, म्हणजे थोडा वेळ भरपूर जोर लावून व्यायाम, मग थोडी विश्रांती, आणि हे सात-आठ वेळा. नाव नवं असलं तरी प्रकार जुनाच आहे. खो-खोत पाठलाग करणारी मुलगी काही सेकंद जीव खाऊन धावते, खो देते आणि खाली बसते. कबड्डीची चढाई तीस सेकंदांची. ती संपली की गडी दम घेतो. मुलं एरवीही अशीच खेळतात. धावतात, थांबतात, पुन्हा धावतात. एका लयीत तासभर चालणं हा आमच्यासारख्या पन्नाशीतल्या लोकांचा छंद.

शाळांना याचा उपयोग उघड आहे. पीटीचा तास कागदावर पस्तीस-चाळीस मिनिटांचा. रांगा, हजेरी, मैदानावर जाणं-येणं यात त्यातला बराच वेळ जातो. उरलेल्या वेळात पंधरा-वीस मुलं क्रिकेट खेळतात आणि बाकीची कठड्यावर बसून बघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करायला हवी. याच संघटनेच्या संशोधकांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातली ११ ते १७ वयाची सुमारे ७४ टक्के मुलं तेवढी हालचाल करत नाहीत. म्हणजे चारांतली तीन. तिशीतच मधुमेह आणि रक्तदाब घेऊन माझ्यासमोर बसणारे रुग्ण पाहिले, की मला ही कठड्यावरची मुलं आठवतात.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात ‘बर्न टू लर्न’ नावाचा प्रयोग २० शाळांत झाला. अभ्यासाच्या धसक्यानं खेळ सुटण्याच्या वयातली, अकरावीची मुलं त्यात होती. बाहेरून कुणी प्रशिक्षक आणले नव्हते. शाळेतल्या शिक्षकांनीच आठवड्यातून दोन-तीनदा अशी छोटी सत्रं घेतली. सहा महिन्यांनी मुलांचा दमसास सुधारलेला दिसला. यामागचं कारण फार गूढ नाही. जोर लावला की स्नायू रक्तातली साखर भराभर ओढून घेतात आणि सरावानं हृदय एकेका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. वजन झरझर उतरेल अशी आशा मात्र कुणी दाखवू नये. वर्गासमोर काटा मांडून मुलांची वजनं घेण्याची पद्धत तर बंदच करावी.

माझा आक्षेप आहे तो सगळ्यांना एकाच शिट्टीवर पळवण्याला. मोबाइलवर गाजणारा ‘ताबाता’ प्रकार, वीस सेकंद व्यायाम आणि दहा सेकंद विश्रांती, जपानी स्पीड स्केटिंगपटूंच्या सरावातून आला. चहा-बिस्किटावर घरातून निघालेल्या मुलीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. ‘जोरात’ म्हणजे किती, हे ज्यानं त्यानं आपल्या श्वासावरून ठरवायचं. फेरी चालू असताना दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये आणि विश्रांतीत पूर्ण वाक्य बोलता यावं. येत नसेल, तर विश्रांती वाढवायची. यासाठी ना यंत्र लागतं ना पैसा. एखादी मुलगी जागच्या जागी भरभर चालूनच एवढी दमत असेल, तर तिचा ‘हिट’ तोच.

आणि आधी तपासणी हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलींचं रक्त कमी असताना मागे राहणाऱ्या मुलीला आळशी म्हणायचं तरी कसं? शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. माझ्या या रुग्णानं ती दप्तरात साठवली होती, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळायचं. जेवणानंतर घे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतं. असे व्यायाम त्या भेटीनंतर सुरू करावेत. पथक येत नसेल तिथं पालकांना चार प्रश्न विचारावेत. धावताना कधी शुद्ध हरपली का? छातीत दुखतं का? लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का? घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं का? तिसऱ्या प्रश्नाला शहरातले डॉक्टर कदाचित हसतील, पण संधिवाती तापानं झडपा खराब झालेली हृदयं आमच्या वॉर्डात अजून येतात. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर आधी डॉक्टरांकडे. दम्याच्या मुलांनी पंप जवळ ठेवावा आणि अंग नीट गरम केल्याशिवाय जोर लावू नये. या मुलांना कायमचं बसवून ठेवण्याची गरज बहुधा नसते. जिममधल्या अचानक मृत्यूंचे व्हिडिओ पाहून घाबरलेल्या पालकांनाही सांगतो, निरोगी मुलामुलींत असं होणं फार दुर्मीळ आहे. उन्हाची भीती जास्त खरी. मार्च-एप्रिलच्या दुपारी विदर्भ-मराठवाड्यात मैदानावर कुणालाच पळवू नये.

एक शंका मात्र राहतेच. दहा मिनिटं पुरतात असं म्हटलं, की उरलेली तीस मिनिटं कुणाची? मैदान बांधकामाला द्यायला एवढं कारण पुरेल. ही दहा मिनिटं खेळाच्या आधी हवीत, खेळाऐवजी नकोत.

ती मुलगी तीन महिन्यांनी पुन्हा आली. हिमोग्लोबिन ११.१ झालं होतं. मी तिला दोन मजले चढून यायला सांगितलं. वर पोहोचल्यावर ती थोडी धापत होती, पण पूर्ण वाक्यात बोलली. ‘‘आता पीटीच्या तासाला काय करता?’’ मी विचारलं.

‘‘पीटीच्या तासाला आता सायन्सचा पोर्शन घेतात, सर.’’