कलमारी खाणार की माकुल?

ऑफिसात 'स्क्विड' शब्द काढा, माणसाचं डिपार्टमेंट लगेच कळतं. सिस्टिमवाल्यांसाठी तो १९९६ पासूनचा प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे उघडलेली वेबपेजेस साठवून ठेवणारा आणि बॉसच्या हुकमावरून साइट्स अडवणारा रखवालदार. फिजिक्सवाल्या मित्रासाठी ती नुसती अद्याक्षरं : सुपरकंडक्टिंग क्वांटम इंटरफिअरन्स डिव्हाइस. फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६४ मध्ये जन्मलेलं हे उपकरण मेंदूतलं अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्रही मोजतं. आणि २०२१ नंतर बाकी पब्लिकसाठी ती कोरियन सीरिज. पोरं जमिनीवर स्क्विडच्या आकाराचं रिंगण आखून खेळायची, त्या खेळावरून तिचं नाव पडलं.

या इंग्रजी शब्दाचं मूळ मात्र कोशकारांनाही सापडलेलं नाही. त्यापेक्षा मेन्यूतली कलमारी खानदानी! लॅटिनमध्ये 'कलामारियुस' म्हणजे लेखणीसंबंधीचं. त्यामागे ग्रीक 'कालामोस', म्हणजे बोरू. त्याच ग्रीक शब्दापासून अरबी 'कलम' आला आणि तिथून आपल्याकडे. लॉजिक सोपं आहे : या प्राण्याच्या पोटात शाई असते आणि पाठीत लेखणीच्या पिसासारखी पारदर्शक पट्टी. थोडक्यात, बिअरसोबत आपण चक्क दौत-लेखणी चावत असतो.

आता गोडदेवच्या मासळी बाजारात या. इथे ते माकुल. अंग नळीसारखं म्हणून नळ माकुल. गोव्यात माणके. गोडदेव हे एकेकाळचं गाव, आता टॉवर्सच्या गर्दीत दडलेलं. नवीन फ्लॅटवाले विचारतात, "स्क्विड है क्या?" मावशीही हुशार, म्हणते, "है ना!" धंदा होतो, पण दोघांच्या व्यवहारातून एक मराठी शब्द गुपचूप गळतो. असे शब्द कोशात झोपतात, जगतात ते बाजारातच.

आणि शब्दासोबत अक्कलही जाते. "मावशी, माकुल द्या" म्हणून बघा. पट्टी कशी ओढायची, शाईची पिशवी न फोडता कशी काढायची, सगळं फुकटात कळतं. वर सल्लाही मिळतो : "दोन मिनिटांत उतरव, नाहीतर अर्धा-पाऊण तास मंद आचेवर ठेव. मध्येच काढलंस तर रबर!"

हे कुठल्याही मेन्यूकार्डावर लिहिलेलं नसतं. तेव्हा हॉटेलात खुशाल कलमारी मागवा, पण बाजारात माकुलच मागा.