घरबसल्या काम, पण आधी पैसे भरा!

ऊसतोडीला टोळी यायच्या आधी मुकादम उचल देतो. पैसे आधी सुटतात ते काम देणाऱ्याचे, हे आपल्या सातारा-सांगलीकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. मग मोबाइलवर टायपिंगचं काम देणारा 'रजिस्ट्रेशन'चे पैसे आधी मागतो, तेव्हा शिकल्या-सवरल्या मुलांना ते उलटं का वाटत नाही?

कधी पैसे आधी मागतच नाहीत. मोबाइलवरच करारावर सही घेतात, शेकडो पानं टाइप करायला देतात आणि आठवड्यानं सांगतात, "चुका फार आहेत, करार मोडला, दंड भरा." पाठोपाठ वकिलाच्या नावानं नोटीस येते. मुलगी घाबरते, घरी बोलत नाही, मैत्रिणीकडून उसने घेऊन भरते. खरं तर दंड ठरवायचा अधिकार कोर्टाचा, आणि कोर्ट कुणाच्या यूपीआयवर पैसे मागत नाही.

टेलिग्रामवरचं 'टास्क' याच जातीचं. व्हिडिओ लाइक केल्याचे शे-दोनशे खरोखर जमा होतात. ती गळाला लावलेली गांडुळं. मग हजारो भरायला लावतात.

पगार जमा व्हायला यूपीआयचा पिन लागत नाही, एवढं तरी नववी-दहावीच्या वर्गात सांगूया. आणि पालकहो, पैसे गेल्याचं मुलानं सांगितलं तर आधी १९३० ला फोन लावा. लवकर कळलं तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. रागवायचं ते नंतर रागवा.