चिऊची सीट उलटी नाही

परवा वाढे फाट्याजवळ पेट्रोल भरत होते. पंपावरच्या पोराने मागच्या काचेतून आत डोकावून बघितलं आणि अगदी काळजीने म्हणाला, "मॅडम, बाळाची सीट उलटी लागलीय." म्हणलं, "उलटी नाही रे, तशीच असते." त्याला काही ते पटलं नाही. पैसे घेऊन गेला आणि जाता जाता परत एकदा आत बघून गेला. एवढंसं लेकरू आईने शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून बसवलंय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

हे मी गेले आठ महिने ऐकतेय. सासूबाई म्हणतात, "अगं, तिला काही दिसतच नाही." दीर म्हणतात, "वहिनी, पाय बघा तिचे, दुमडलेत." शेजारच्या काकू तर सरळ म्हणाल्या, "वर्षाचं झालं की फिरवतात, आमच्या नातवाची फिरवली." चिऊ आता 21 महिन्यांची आहे, वजन 10 किलो 400 ग्रॅम. ती अजून पाठमोरीच बसते आणि अजून बरेच महिने बसणार आहे. का, ते एकदा नीट लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला पंपावर उभं राहून सांगायला नको.

आधी कबुली. मी स्वतः ही सीट एकदा पुढे फिरवली होती. चिऊचा वाढदिवस झाला, महिन्याभरात वजन 9 किलो भरलं. सीट घेताना दुकानदाराने सांगितलं होतं, "मॅडम, 9 किलो झालं की फिरवायची." झालं, रविवारी दुपारी मी आणि नवऱ्याने मिळून फिरवली. चिऊ खूश, आजी खूश, मागे बघून हसणं-बिसणं सगळं झालं. तीन आठवडे असं चाललं. मग एकदा पुण्याला निघालो होतो. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलं की ते एस वळण लागतं, आपल्या सातारकरांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. तिथे पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, मीही मारला. कुणाला काही लागलं नाही, गाडीला ओरखडासुद्धा नाही. पण आरशात मला चिऊचं डोकं दिसलं. खांदे पट्ट्यांनी जागच्या जागी धरलेले, आणि डोकं पुढे फेकलं जाऊन हनुवटी छातीवर आपटलेली. आणि ती सीट, तिच्यासकट, वीतभर पुढे सरकलेली.

खेड शिवापूरच्या अलीकडे एका हॉटेलसमोर गाडी थांबवली आणि मॅन्युअल काढलं. माझी गाडी 2016 ची, सीट अडकवायला आयसोफिक्सचे हूक नाहीत, त्यामुळे सीट गाडीच्या बेल्टनेच बांधावी लागते. अशा सीटला बेल्ट ओवायच्या दोन वाटा असतात. पाठमोरी बसवायची तर निळ्या खुणेची वाट, पुढे तोंड करायचं तर लाल खुणेची. आम्ही सीट फिरवली आणि बेल्ट ओवला निळ्यातूनच. तीन आठवडे आमची लेक धड बांधलेलीच नव्हती. दोघंही इंजिनिअर आहोत, हे सांगायला लाज वाटते.

त्याच मॅन्युअलमध्ये मला दुकानदाराचं ते 9 किलोही सापडलं. माझी सीट 0 ते 18 किलोची आहे, बाजारात अशा पुष्कळ मिळतात. त्यावर लिहिलेलं असतं : पाठमोरी 13 किलोपर्यंत, पुढे तोंड करून 9 ते 18 किलो. म्हणजे 9 ते 13 या मधल्या पट्ट्यात दोन्ही चालतं. आणि आपल्याकडे सगळा घोळ होतो तो याच पट्ट्यात. 9 किलो म्हणजे 'याच्या आधी फिरवायला परवानगीच नाही' अशी खालची रेघ आहे. आपण तिला 'झालं, फिरवा' असं वाचतो. मुलगी 18 वर्षांची झाल्यावर लग्नाला कायद्याची परवानगी असते, म्हणून वाढदिवसालाच मांडव घालायचा का?

आता मान. बाळ जन्मतं तेव्हा डोकं त्याच्या लांबीच्या पाव भागाएवढं असतं. मोठ्या माणसात ते सातवा-आठवा हिस्सा. एवढं जड डोकं ज्या मानेवर तोललेलं आहे, तिचे मणके अजून पूर्ण हाड झालेले नसतात. त्यांचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि ते जोड पक्के व्हायला पुढची काही वर्षं जातात. मूल बसायला लागलं, चालायला लागलं, गच्चीत धावायला लागलं, म्हणून मान धडकेला तयार झाली असं होत नाही. ताशी 50 चा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. समोर आदळून हा वेग अर्ध्या मीटरमध्ये शून्य झाला, तर 10 किलोच्या मुलाला थांबवायला साधारण 200 किलोचा जोर लागतो. पुढे तोंड असेल तर खांदे पट्ट्यांवर थांबतात आणि डोक्याला थांबवायचं काम एकट्या मानेवर पडतं. पाठमोरं असेल तर डोकं, मान, पाठ सगळं मिळून सीटच्या पाठीत रुततं आणि तो जोर पसरतो. बाकी सगळा वाद मला या एका गोष्टीपुढे किरकोळ वाटतो.

(हाच हिशेब मांडीवर घेणाऱ्यांनीही करून बघावा. "मी घट्ट धरते की" म्हणणाऱ्या आत्याबाईंना मला विचारायचं असतं, 200 किलो धराल?)

ही कल्पना काही इंटरनेटवरच्या नव्या आईबापांनी काढलेली नाही. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी 1964 साली पाठमोऱ्या सीटचा पहिला नमुना व्होल्वोच्या गाडीत तपासला. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर जोर घेत आडवे असतात, तिथून त्यांना हे सुचलं. त्या देशात मुलं चार वर्षांची होईपर्यंत पाठमोरी बसणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्ये सांगितलं, दोन वर्षांपर्यंत तरी पाठमोरं ठेवा. 2018 मध्ये त्यांनी वयाचा आकडाच काढून टाकला आणि सांगितलं, सीटची उंचीची किंवा वजनाची मर्यादा संपेपर्यंत ठेवा. युरोपात 2013 पासून लागू झालेल्या नव्या मानकाच्या सीटवर 15 महिन्यांच्या आत पुढे तोंड करताच येत नाही.

गंमत बघा, माझी चुलत नणंद न्यू जर्सीत असते. तिथे तिचा मुलगा अडीच वर्षांचा होऊनही पाठमोरा, एक फेरी चुकत नाही. डिसेंबरात सुट्टीला आली की तोच मुलगा मुंबई विमानतळ ते सातारा भाड्याच्या गाडीत आजीच्या मांडीवर, तोही पुढच्या सीटवर. मुलाची मान तीच, रस्ता आपला. इथे चालतं, असं तिला वाटतं. चूक तिची एकटीची नाही, टॅक्सीत सीट मिळतच नाही. पण वाटतं हेही खरं.

आणि 'इथे चालतं' याला कागदावर उत्तर आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 194 ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्टने किंवा मुलांच्या सीटने बांधलेलं नसेल, तर एक हजार रुपये दंड. हा दंड झालेला एक माणूस मला दाखवा, मी त्याला कंदी पेढे देते. शिवाय त्या कलमात सीट कोणत्या दिशेला हवी, मूल कधी फिरवायचं, याचा एक शब्द नाही. म्हणजे मी तीन आठवडे निळ्या वाटेने बांधलेली, हलणारी सीट घेऊन फिरत होते, तेव्हाही पोलिसाच्या नजरेला सगळं ठीकच दिसलं असतं.

शोरूमचंही तेच. 2023 च्या ऑक्टोबरपासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. सेल्समन पाच स्टार पाच स्टार करत मागे लागतो. त्यात मुलांच्या सुरक्षेचे स्टार वेगळे असतात आणि ते दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या मापाचे पुतळे सीटमध्ये बांधून मिळवलेले असतात, आजीच्या मांडीवर ठेवून नाही. परदेशी एनकॅपच्या चाचणीत तर आपल्या बऱ्याच गाड्यांमध्ये तीन वर्षांचा पुतळासुद्धा पाठमोराच बसवलेला होता. हे मला कुठल्याही सेल्समनने सांगितलं नाही.

आता घरच्यांचे मुद्दे, कारण त्यातले काही खरे आहेत.

पाय दुमडतात, हो. चिऊ घरात दिवसभर कशी बसते? मांडी घालून, नाहीतर फतकल मारून. गाडीतही तशीच बसते. तिला त्याचं काही नाही, त्रास बघणाऱ्याला होतो. दिसत नाही म्हणाल, तर तिला मागच्या काचेतून मावळता अजिंक्यतारा माझ्याआधी दिसतो. "डोंगल" म्हणून ओरडते.

मागून ट्रकने ठोकलं तर, हा भाऊजींचा प्रश्न. आपल्या हायवेवर तो हसण्यावारी न्यायचा नाही. मागून बसते तेव्हा बहुतेक वेळा दोन्ही गाड्या एकाच दिशेला चाललेल्या असतात, वेगातला फरक कमी असतो. जीव घेणारा जोर जास्त करून समोरच्या धडकेत असतो. दोन्हीकडून पक्कं राखणारी दिशा नाही, म्हणून जिथे धोका जास्त तिकडे पाठ.

उलटीचं मात्र मी मान्य करते. घाटात काही मुलांना पाठमोरं खरंच सोसत नाही. आम्ही निघायच्या आधी तासभर काही खायला देत नाही, काच थोडी खाली ठेवतो, दर तासाला थांबतो. तरी दोनदा सगळं धुवावं लागलं. ज्यांचं मूल प्रत्येक फेरीला ओकून हैराण होतं आणि वय अडीच-तीनच्या घरात आहे, त्यांनी फिरवलं तर मी नाव ठेवणार नाही. एक वर्षाच्या मुलाला 'रडतं म्हणून' फिरवणाऱ्यांना मात्र ठेवेन. रडणारं मूल जिवंत असतं, थांबा, कडेवर घ्या, परत बसवा.

आणि "ताई, इथे चौघं एका स्प्लेंडरवर जातात, तुमचं काय चाललंय," असं कुणी म्हणणार हे मला माहीत आहे. बरोबर आहे. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट, बांधायचा पट्टा आणि 40 ची वेगमर्यादा, हा नियम 2023 च्या फेब्रुवारीपासून आहे, तोही कुठे दिसत नाही. वडापमध्ये तर बोलायलाच नको. त्यावर वेगळं लिहीन. आजचं लिहिणं आहे ते सात-आठ लाखांची गाडी घेणाऱ्या, वीस हजारांची म्युझिक सिस्टीम बसवणाऱ्या आणि सीट घेतलीच तर ती पहिल्या वाढदिवसाला फिरवणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी.

मग फिरवायची कधी? वयाचा वाढदिवस, शेजारणीचा नातू आणि दुकानदार हे तिन्ही बाजूला ठेवा. सीटच्या बाजूचं स्टिकर वाचा. पाठमोरी मर्यादा 13 किलो असेल तर 13, 18 असेल तर 18. वजनाच्या आधी डोकं सीटच्या वरच्या काठाला आलं, तर तेव्हा. आपली मुलं वजनाला बेताचीच असतात, त्यामुळे 13 किलोच्या सीटमध्येही पुष्कळ मुली तीन वर्षांच्या आसपास पोचतील. वजन भरत नाही म्हणून दर महिन्याला काट्यासमोर डोळ्यांत पाणी आणणाऱ्या आयांना एवढा एक फायदा तरी मिळू दे. आणि एक गोष्ट कधीच नाही : पाठमोरी सीट पुढच्या, एअरबॅगवाल्या जागेवर. एअरबॅग फुटली की थेट सीटच्या पाठीवर आदळते, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे.

सरकारकडे माझं मागणं फार मोठं नाही. सीटबरोबरचं मॅन्युअल आणि स्टिकर मराठीत हवं. आमच्या सीटवर इंग्रजी आणि चिनी आहे. दीड वर्षाच्या बूस्टरला मूल दवाखान्यात येतंच, तेव्हा वजन करणाऱ्या सिस्टरने "गाडी आहे का, सीट कशी लावलीय" एवढं विचारावं. आणि जानेवारीत रस्ता सुरक्षा महिन्यात चौकात गुलाब वाटण्यापेक्षा एक दिवस एका मैदानावर गाड्या बोलवा आणि सीट हलवून बघा. किती जणांच्या सीट वीतभर सरकतात ते कळेल. याचा अर्ज मी लिहिलाय, सोमवारी आरटीओ कार्यालयात देणार आहे. सह्या करायच्या असतील तर सांगा.

तोपर्यंत ज्यांच्याकडे सीट आहे त्यांनी आज गाडीत जाऊन एवढं करा : बेल्ट जिथून ओवलाय तिथे सीट धरून जोरात हलवा. बोटभराच्या वर हलली तर बेल्ट काढून वाट तपासा, निळी की लाल. जमलं नाही तर शनिवारी चारनंतर मी घरी आहे, गाडी घेऊन या. मॅन्युअल आणायला विसरू नका, प्रत्येक सीटचं वेगळं असतं.