दोन महिन्यांची कॉट

परवा बाजारात ओळखीच्या एक वहिनी भेटल्या. लेकीला मुंबईत मे-जूनची इंटर्नशिप मिळालीय. पेढे द्यायचे सोडून बाई काळजीत. म्हणाल्या, "काम मिळालं हो, पण झोपायचं कुठे?"

हा प्रश्न आता मुरुडसारख्या गावांत घरोघरी येणार आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे इंटर्नशिप अभ्यासक्रमातच आली. पूर्वी ती हौस होती, आता तिला क्रेडिट आहेत. आपल्याकडे लॉज आणि हॉटेलं चिक्कार, पण प्रयोगशाळेतलं, बँकेतलं, जाहिरातीतलं काम शिकायचं तर मुंबई गाठावीच लागते. रोज ये-जा करणं शक्य नाही. रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या वर अंतर. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचा पावसाळ्यात बंद. 2020 पासून भाऊच्या धक्क्याची रो-रो आहे खरी, पण मुरुडहून मांडव्याला पोचेपर्यंतच सकाळ सरते.

मुंबईचं भाड्याचं गणित 11 महिन्यांचं. दोन महिन्यांसाठी जागा द्यायला घरमालक नाखूश, आणि दिलीच तर डिपॉझिट, दलाली काही कमी होत नाही. मग उरते ती कॉट, म्हणजे पेइंग गेस्ट. इथे एक गोम आहे, ती फार कमी आयांना ठाऊक असते. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असं सांगितलं, त्याची जबाबदारीही घरमालकावर टाकली. पण लायसेन्सीच्या व्याख्येतून पेइंग गेस्टला वगळलं! म्हणजे सगळ्यात कमी दिवस राहणाऱ्या, सगळ्यात लहान मुलीच्या हातात सगळ्यात कमी कागद. डिपॉझिटची सहीची पावती आणि परत करण्याची तारीख लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊच नयेत, "आपलीच माणसं आहेत" असं कुणी म्हटलं तरी.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना 5000 आणि एकदाच 6000 रुपये ठरले. राहायची सोय मात्र ज्याची त्याने बघायची. काम करणाऱ्या महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना 1972-73 पासूनची, 2022 मध्ये तिचं नाव 'सखी निवास' झालं. नोकरीचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींनाही तिथे प्रवेश मिळू शकतो, प्रशिक्षण वर्षभरापेक्षा जास्त नसेल तर. अट अशी की नोकरदार बायकांना देऊन जागा उरली पाहिजे आणि अशा मुली 30 टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. इंटर्नशिप यात बसते का, हे कंपनीचं पत्र दाखवून विचारायला हवं. आपण विचारतच नाही.

आणि सुरक्षितता? जून 2023 मध्ये चर्नी रोडच्या सावित्रीबाई फुले मुलींच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली. संशय तिथेच काम करणाऱ्या माणसावर होता. सुट्टीमुळे बहुतेक मुली गावी गेलेल्या, इमारत जवळजवळ रिकामी. तेव्हापासून मला वाटतं, सुट्टीतल्या वसतिगृहाला 'शांत' म्हणू नये. मजल्यावर आणखी किती मुली असतील, रात्री वॉर्डनबाई तिथेच झोपतात का, हे दराआधी विचारावं. मेमध्ये कॉलेजांची वसतिगृहं रिकामी होतात. बाहेरगावच्या इंटर्न मुलींसाठी त्यातला एक मजला नीट पहारा ठेवून उघडायला काय हरकत आहे? ज्या विद्यापीठाने क्रेडिट सक्तीचे केले, त्याने खाटेचंही बघावं.

गिरणीच्या काळात कोकणातल्या पुरुषांसाठी परळ-लालबागला गावकीच्या खोल्या होत्या. त्यांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्या बायकाच होत्या. पण गावच्या मुलीसाठी गावकीची खोली कुणाला सुचली नाही. तालुक्याची मंडळं अजून मुंबईत आहेत, गणपतीत वर्गणी मागायला येतात. यंदा आले की विचारणार आहे.

वहिनींची लेक तूर्त डोंबिवलीला आत्याकडे राहणार आहे. खोल्या दोन, माणसं पाच. सकाळची 7.40 ची लोकल.