पहिल्या पावसानंतर गुरांचं पोट का बिघडतं?

शहापूर तालुक्यातल्या डोळखांबसारख्या भातशेतीच्या पट्ट्यात जून म्हणजे घाईचा महिना. बैलजोडीवर शेती करणाऱ्यांची सगळी मदार तिच्यावरच असते. नेमकं याच दिवसांत गुरांना पातळ शेण होतं, पोट फुगतं. 'कोवळं गवत बाधलं' असं म्हटलं जातं. पण मग काही आठवड्यांनी हिरवं गवत का बाधत नाही?

गवत पचवतं कोण?

गवत-पेंढ्यातलं सेल्युलोज तोडणारी विकरं गुरांचं शरीर बनवत नाही. ते काम कोटीपोटातले सूक्ष्मजीव करतात. तिथल्या एका मिलिलिटर द्रवात अब्जावधी जीवाणू असतात. ते चारा आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि जनावराला सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातूनच मिळते.

एकच पाला, कुठे विष तर कुठे चारा

सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. ऑस्ट्रेलियात हा पाला भरपूर खाणाऱ्या जनावरांना गलगंड व्हायचा. हवाई बेटांवरच्या शेळ्यांना मात्र काहीच होत नव्हतं. १९८०च्या दशकात शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी या शेळ्यांच्या कोटीपोटातले जीवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले आणि त्यांनाही तो पाला पचू लागला. त्यातल्या एका जीवाणूचं नाव पुढे 'सिनर्जिस्टिस जोन्साय' असं ठेवलं गेलं.

मग जूनमध्ये काय होतं?

उन्हाळाभर गुरं भाताच्या पेंढ्यावर आणि वाळल्या गवतावर असतात. कोटीपोटात त्यालाच सरावलेले जीवाणू वाढलेले असतात. पाऊस पडला की अचानक पाणीदार, कमी तंतूंचा चारा मिळतो. तो भराभर आंबतो, वायू साचतो. नव्या चाऱ्याला साजेशी जीवाणूंची संख्या वाढायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर गवतही जून होतं, त्यातले तंतू वाढतात आणि त्रास कमी होतो.

काय करता येईल?

- सकाळी आधी पेंढा द्यावा, मगच गुरं चरायला सोडावीत.
- हिरवा चारा दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा, पेंढा एकदम बंद करू नये.
- डावी कूस ताणलेली दिसली आणि रवंथ थांबलं, तर लगेच पशुवैद्यकाला बोलवावं. तीव्र पोटफुगीत जनावर काही तासांत दगावू शकतं.

थोडक्यात, दोष गवताचा नाही, अचानक बदललेल्या वैरणीचा आहे. वैरण गुरांच्या तोंडी जाते, पण ती पचवायची असते पोटातल्या जीवाणूंना. त्यांना सवय व्हायला वेळ द्यावाच लागतो.