धुईतले फिरणे

गेल्या पौषातली गोष्ट. दवाखाना उघडतो तोच सत्तरी ओलांडलेले एक आजोबा मुलाच्या खांद्याचा आधार घेत आत आले. सीओपीडी हा श्वासनलिकांचा जुना विकार. एका दमात वाक्य पुरे होत नव्हते. पहाटे साडेपाचला नेहमीप्रमाणे फिरायला गेले होते. नेब्युलायझरने थोडा आराम पडल्यावर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमीच त सांगतलं होतं, रोज फिराले जा म्हणून."

खरे होते. फिरायला मीच सांगितले होते. हिवाळ्यात केव्हा फिरावे, हे सांगायचे मात्र राहून गेले होते.

आपल्या वाशिम जिल्ह्यात हिवाळ्यात धुई उतरली की तुरीच्या बहराची काळजी आपण करतो. छातीची करीत नाही. रात्री जमीन थंडावते, तिच्यालगतची गार हवा जड होऊन खालीच बसते आणि वर उबदार हवेचे झाकण पडते. आंघोळीच्या पाण्यासाठी पेटवलेल्या तुराट्या, शेकोट्या, जाळलेला कचरा, वाहने या साऱ्यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. त्यातील अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात.

सूर्य वर आल्यावर हे झाकण उघडायला हवे. पण इथे धूरच आडवा येतो. हवेत तरंगणारे हे सूक्ष्म कण, म्हणजे एरोसोल, काही ऊन परतवतात. काजळीचे कण ते शोषून वरची हवा तापवतात. जमीन उशिरा तापते, हवा वर चढत नाही, धूर अधिक दाटतो. ओलाव्यात कण फुगतात. धुक्याच्या थेंबांत गंधकाच्या वायूपासून सल्फेट तयार होऊन कणांत भर पडते. परिणामच उलटून कारणाला बळ देतो. शास्त्रज्ञ याला प्रत्याभरण म्हणतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2015 च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर धुक्याच्या निरीक्षणांची मोहीम चालवली आहे. कणांचे प्रमाण केवळ ठरावीक आकडा म्हणून गणितात घातले, तर हे चक्र दिसत नाही. म्हणून प्रगत प्रारूपांत ऊन, वारा, कण आणि वायूंची रसायनक्रिया यांचे गणित एकत्र सोडवतात. ते किती अवघड आहे, हे एका आकड्यावरून कळते. मानवनिर्मित एरोसोलमुळे पृथ्वीची तापमानवाढ किती झाकली गेली, याचा आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या 2021 च्या अहवालातील अंदाज शून्य ते 0.8 अंश इतका रुंद आहे.

आपल्यासाठी यातील दिलासा असा, की हे चक्र उलटेही फिरते. धूर कमी झाला की ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, हवा खेळू लागते आणि उरलेला धूरही लवकर पांगतो.

घरच्यांनी एवढे सांभाळावे. हिवाळ्यात फिरणे सोडू नये, वेळ बदलावी: साधारण नऊनंतर, धुई विरल्यावर. तोवर घरातल्या घरात चालावे. पाणी तापवण्याची चूल आजारी माणसाच्या खोलीपासून आणि खिडकीपासून दूर मांडावी. घरी ऑक्सिजन सुरू असल्यास जवळपास विस्तव मुळीच नको. तोंडावरचा रुमाल सूक्ष्म कण अडवीत नाही. एन-95 मुखपट्टी अडवते, पण दमेकऱ्याने ती डॉक्टरांना विचारून वापरावी. बरे वाटले म्हणून इनहेलर बंद करू नये. बोलताना वाक्य तुटणे, ओठ निळसर पडणे किंवा गुंगी येणे यांपैकी काहीही दिसल्यास दिवस उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आजोबा आता ऊन पडल्यावर निघतात. मीही चिठ्ठीवर नुसते 'फिरणे' असे लिहीत नाही. पुढे वेळ लिहितो.