‘कल्की’ पाहिला, आता अवताराची वाट पाहायची का?

‘कल्की २८९८ एडी’ २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. २७ जूनला आलेल्या, नाग अश्विन दिग्दर्शित या चित्रपटाने जगभरात हजार कोटींचा पल्ला ओलांडल्याचे निर्मात्यांनी जाहीर केले आहे. चित्रपट मूळ तेलुगू, पण आपल्याकडे तो हिंदीत पाहिला गेला. काळाचौकी, लालबाग, परळ भागातल्या आपल्या तरुणांनी तो थ्रीडीत पाहिला, काहींनी दोनदा पाहिला. या भागात आम्ही तरुणांचा अभ्यासवर्ग चालवतो. त्यानंतरचे तीन रविवार तिथे दुसरा विषयच निघाला नाही. म्हणून या प्रतिक्रियांचाच नीट विचार करायचे आम्ही ठरवले.

प्रतिक्रिया साधारण तीन प्रकारच्या होत्या. सर्वाधिक मुले दृश्यांवर खूश होती. हवेत तरंगणारे उलट्या पिरॅमिडचे ‘कॉम्प्लेक्स’, आटलेल्या गंगेकाठची काशी, बोलणारी ‘बुज्जी’ गाडी, आठ फुटी अश्वत्थामा वाटावा असे अमिताभ बच्चन. तक्रार एकच, इंटरव्हलच्या आधी पिक्चर रेंगाळतो. दुसरी प्रतिक्रिया कार्यकर्त्यांची : हा ब्राह्मणी प्रचार आहे, बहिष्कार टाका. विचारले तर त्यातल्या बहुतेकांनी चित्रपट पाहिलेला नव्हता. तिसरी प्रतिक्रिया थोड्यांची, मुख्यतः मुलींची होती. दीपिका पदुकोणच्या सुमतीसाठी सगळे लढतात, पण तिला काय हवे ते कोणी विचारत नाही. ती फक्त पोटातल्या बाळामुळे महत्त्वाची. आम्हाला ही तिसरी प्रतिक्रिया सर्वांत मोलाची वाटली, कारण ती चित्रपट पाहून, विचार करून आलेली आहे.

दृश्यांचा आनंद घेणे हा गुन्हा नाही. आपल्या वस्त्यांतली मुले आज अ‍ॅनिमेशन आणि व्हीएफएक्सचे कोर्स करतात. असे काम भारतात होऊ शकते हे पाहून त्यांना उभारी आली असेल तर चांगलेच आहे. बहिष्काराने त्यांना आपण फक्त आपल्यापासून लांब ढकलू. पण डोळे दिपले की प्रश्न विचारायचे राहून जातात, आणि या चित्रपटात विचारण्यासारखे बरेच आहे.

चित्रपटाने मांडलेला प्रश्न खरा आहे. वरच्या मूठभरांनी पाणी, अन्न, हिरवाई सगळे ओढून घेतले आहे. खालचे लोक धुळीत जगतात आणि पुरेशी ‘युनिट्स’ जमली तर वर जायला मिळेल या आशेवर एकमेकांचे गळे धरतात. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. घोटाळा उत्तरात आहे. या अन्यायावर चित्रपटाचे उत्तर आहे जन्म. शापित अश्वत्थामा सहा हजार वर्षे एका जन्माची वाट पाहतो. नायक भैरव शेवटी कर्णाचा पुनर्जन्म निघतो. बंडखोर शस्त्रे घेऊन लढतात, मरतात, पण तेही त्या बाळाचीच वाट पाहत असतात. कोण काय करतो यापेक्षा कोण कोणाच्या पोटी आला हे महत्त्वाचे ठरते. जन्माने माणसाची जागा ठरवणारी व्यवस्था आपण चांगली ओळखतो. सूतपुत्र म्हणून हिणवल्या गेलेल्या कर्णासाठी टाळ्या पिटताना तरी हे आठवायला हवे.

आता नावातल्या आकड्याकडे पाहू. परंपरेनुसार कलियुग इसवी सनपूर्व ३१०२ मध्ये सुरू झाले. त्यात २८९८ मिळवले की बरोबर ६००० होतात. पण त्याच परंपरेत कलियुगाची लांबी ४,३२,००० वर्षे सांगितली आहे आणि कल्की येणार तो त्याच्या शेवटी. हा प्रचंड आकडा कसा तयार झाला, हे बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये तपासले आहे. आधी हजार वर्षांचे युग, मग त्याला दोन्ही टोकांना शंभर-शंभर वर्षांचे संधिकाळ जोडून १२०० आणि मग ही वर्षे माणसांची नव्हे, देवांची आहेत असे म्हणून ३६० ने गुणाकार. युग संपूच नये अशी ही सोय कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. पुराणांत कलियुगाची लक्षणे कोणती? शूद्र राज्य करतील, वर्णधर्म मोडेल. म्हणजे ज्याला ते अधःपतन म्हणतात, त्यातला बराच भाग आपल्यासाठी माणूस म्हणून उभे राहण्याचा काळ आहे. चित्रपटाने अधर्माचा अर्थ बदलून तो साठेबाजी आणि शोषण असा केला, हे मान्य करायला हवे. पण चौकट जुनीच ठेवली.

कल्की दहावा, तर नववा कोण? बहुतेक याद्यांमध्ये तिथे तथागत बुद्धांचे नाव आहे. भागवत पुराणानुसार बुद्धाचा अवतार देवांच्या शत्रूंना भ्रमात पाडण्यासाठी झाला. पुढे कल्की पुराणात तर कल्की कीकट देशात जाऊन बौद्धांशी युद्ध करतो आणि त्यांचा पराभव करतो. चित्रपटात हे नाही, तसा आरोप कोणी करू नये. पण कल्की ही कोणाविरुद्ध रचलेली कल्पना आहे, हे बौद्ध तरुणाला ठाऊक असले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे स्पष्टपणे नाकारते, ती याचसाठी.

आणखी एक गंमत आहे. चित्रपटात बंडखोरांचे आश्रयस्थान म्हणून येणारे ‘शंभाला’ हे नाव फक्त पुराणांतले नाही. अकराव्या शतकाच्या सुमाराच्या बौद्ध कालचक्र परंपरेतही शंभाला आहे आणि तिथल्या राजांची पदवी कल्की आहे. त्या कथेत पहिला कल्की मंजुश्री यशस् ही पदवी मिळवतो ती चारही वर्णांना एका वज्रकुलात आणल्यामुळे. त्या परंपरेतही शेवटच्या महायुद्धाचे भाकीत आहे, आणि बाबासाहेबांच्या धम्मात अशा भाकितांना जागा नाही. तरीही पुराणातला कल्की वर्णव्यवस्था पुन्हा बसवतो आणि बौद्ध कथेतला कल्की ती मोडतो, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मग अन्याय मोडतो कोण? याचे उत्तर शोधायला आपल्याला २८९८ सालात जायची गरज नाही. आपल्याच भागातल्या गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात पगार बरा होता आणि तिथेच अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून इतर कामगार विटाळ मानत. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकाविरुद्ध एकजूट हवी असेल तर आधी आपल्यातली ही भिंत पाडा, असा त्याचा अर्थ होता. गिरणीतले ते ‘कॉम्प्लेक्स’ कोणा दिव्य बाळाने फोडले नाही. शिकलेल्या, संघटित झालेल्या माणसांनी त्याला धडका दिल्या. आज लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल आणि मल्टिप्लेक्स आहे. तिथल्या पडद्यावर भविष्य पाहताना पायाखालचा हा भूतकाळ आपल्या मुलांना माहीत असावा.

त्याच काळातले उदाहरण घ्या. चित्रपटाच्या पहिल्याच आठवड्यात, १ जुलै २०२४ रोजी, नागपुरात दीक्षाभूमीवरच्या भूमिगत पार्किंगच्या कामाविरोधात हजारो लोक जमले. आंदोलनाच्या पद्धतीबद्दल आपल्यात मतभेद असू शकतात. पण त्याच दिवशी सरकारला कामाला स्थगिती जाहीर करावी लागली, ती लोक घराबाहेर पडले म्हणून.

चित्रपटाचा पुढचा भाग येणार आहे. तोही आपली मुले पाहतील, पाहू द्या. आमची सूचना एवढीच की, विहारात किंवा अभ्यासवर्गात त्यावर तासभर बसा. तीन प्रश्न फळ्यावर लिहा : यातला अन्याय कोणी केला? तो संपवण्याचा अधिकार कोणाला दिला आहे? आणि बाकीचे लोक, विशेषतः बायका, तोवर काय करत आहेत? ‘काय व्हीएफएक्स आहे’ म्हणणारा मुलगा आणि ‘बहिष्कार टाका’ म्हणणारा कार्यकर्ता या दोघांनाही एकाच सतरंजीवर बसवा. सुमतीला कोणी काही विचारले नाही, असे म्हणणाऱ्या मुलीला आधी बोलू द्या.

जयभीम.